गंमत गणितात की गणिताबाहेर?

शाळा सुटल्यावर लहान मुलांसाठी गणिताचे मंडळ चालवावे, मुलांच्या मनातली या विषयाची भीती घालवावी, या विचाराला आता फारसा कोणाचा विरोध राहिलेला नाही. अडते ते पुढे. त्या तासाभरात नेमके करायचे काय? सर्वसाधारणपणे दोन वाटा दिसतात. एक वेगाची : अबॅकस, तोंडी गुणाकार, घड्याळ लावून केलेली आकडेमोड. दुसरी करमणुकीची : रंगीत कागद, गाणी, चॉकलेटचे बक्षीस आणि मध्येच कुठेतरी एखादी बेरीज. अलेक्झांडर झ्वोन्किन यांचे 'मॅथ फ्रॉम थ्री टू सेव्हन' हे पुस्तक या दोन्ही वाटा सोडून तिसऱ्याच वाटेने जाते. शिक्षकांनी ते वाचावे असे आम्हाला वाटते. मात्र जपून वाचावे.

रशियात गणित मंडळांची परंपरा जुनी आहे. लेनिनग्राडमध्ये १९३४ साली आणि मॉस्कोत १९३५ साली गणित ऑलिंपियाड सुरू झाली आणि तिच्याबरोबर ही मंडळेही वाढली. पण ती मोठ्या मुलांची. झ्वोन्किन हे व्यवसायाने गणितज्ञ. १९८० साली त्यांनी मॉस्कोत आपला लहानगा मुलगा आणि त्याचे सवंगडी यांना घेऊन घरीच मंडळ सुरू केले. पुढे मुलीसाठी दुसरे मंडळ चालवले. त्या काळात ठेवलेल्या नोंदी म्हणजे हे पुस्तक. इंग्रजीत ते २०११ साली आले.

पुस्तकाचा पाया झाँ पियाजे यांच्या प्रयोगांचा आहे. समान संख्येच्या नाण्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडायच्या. मग एका रांगेतली नाणी लांब लांब सरकवायची आणि विचारायचे, "आता कोणत्या रांगेत जास्त?" लहान मूल बेधडक लांब रांगेकडे बोट दाखवते. डी. एड.ला पियाजे सर्वांनीच वाचलेला असतो, पण बहुधा परीक्षेपुरता. झ्वोन्किन तो प्रत्यक्षात आणतात आणि मोह आवरतात. मूल चुकले की "अरे, मोजून बघ ना" असे म्हणण्याचा मोह! उत्तर सांगून टाकले तर मूल ते मान्य करील, पण ते गुरुजींचे उत्तर असेल. म्हणून ते दुसरा प्रश्न विचारतात, किंवा विषय काही महिने बाजूला ठेवतात.

पाचातून दोन निवडण्याचा प्रश्नही त्यांनी मुलांपुढे निरनिराळ्या वेषांत आणला. आपल्या वर्गातही तो सहज करता येईल. एका ओळीत पाच गोल काढा. त्यांतले कोणतेही दोन रंगवायचे. असे किती प्रकार होतील? मुले सहा-सात प्रकार झटपट शोधतात, काही दोनदा लिहितात, मग अडतात. कोणीतरी दहा शोधते. आता खरा प्रश्न येतो : अकरावा प्रकार कुठे लपला नसेल कशावरून? पहिला गोल रंगवला तर त्याला जोडीदार चार. पहिला सोडून दुसरा घेतला तर तीन, मग दोन, मग एक. बेरीज दहा. हे मुलाने आपल्या भाषेत मांडले की त्याने आयुष्यातली पहिली सिद्धता दिली असे समजावे.

महिन्याभराने पाच मुले उभी करा. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच हात मिळवायचा. एकूण किती वेळा? पुन्हा दहा. नंतर चौकटीच्या कागदावर तीन घरे उजवीकडे आणि दोन घरे वर जायचे वेगवेगळे रस्ते मोजायला द्या. पाच पावले, त्यांतली दोन वरची, पुन्हा दहाच! एखादी मुलगी एक दिवस म्हणेल, "बाई, हे ते गोल रंगवायचंच गणित आहे." ही गणितातली गंमत. ती चॉकलेटने आणता येत नाही आणि घड्याळ लावून तर मुळीच येत नाही. आम्ही संशोधन करणारी माणसे ज्या आनंदासाठी महिनोन्‌महिने अडून बसतो, तो याच जातीचा असतो.

आता उणी बाजू. झ्वोन्किन यांच्यासमोर मूठभर मुले होती आणि ती घरच्या ओळखीची. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे, आणि प्रत्यक्षात एकेका वर्गात त्याहून जास्त मुले दिसतात. शिवाय लेखक गणितज्ञ असल्याने मुलाच्या विचित्र उत्तरामागचे गणित त्यांना तत्काळ दिसते. सर्वच शिक्षकांना ते तसे कसे दिसावे, याची वाट पुस्तक फारशी दाखवत नाही. नोंदवहीच असल्याने उपक्रमांची चढती मांडणीही नाही. आणि "उत्तर सांगू नका" हे तत्त्व अर्धवट उचलले तर घातक. पुढचा प्रश्न तयार नसेल तर उत्तर न सांगणे म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडणे.

तरी पुस्तकाचे मोठेपण असे, की फसलेले तासही लेखकाने लपवलेले नाहीत. उपक्रमांच्या पुस्तकांत सगळी मुले नेहमी आनंदाने टाळ्या वाजवत असतात. इथे ती कंटाळतात, भांडतात, भलतेच बोलतात. शिक्षकाला धीर येतो तो अशा पानांनी.

मंडळ सुरू करायचे तर आठ-दहा मुले, अर्धा तास आणि एकच प्रश्न पुरे. साहित्य म्हणून चिंचोके, बटणे, खडू. मुले जास्त असतील तर गट पाडून आळीपाळीने दिवस द्यावेत. आणि तास संपल्यावर एक कसोटी लावून पाहावी : साहित्य डब्यात गेल्यावर मुलाबरोबर घरी काय गेले? नुसती कागदाची टोपी गेली असेल तर ती हस्तकला झाली. घरी जाताना मूल "पण अकरावा का नाही?" असे पुटपुटत असेल, तर मंडळ चालू ठेवावे.