कॅमेरा घडला, फिल्म विरली

बाबूराव पेंटर यांच्या देशी कॅमेऱ्याची गोष्ट आपण वर्गात कौतुकाने सांगतो. ती सांगण्याची रूढ रीत मात्र आम्हांस अपुरी वाटते.

१९१८ च्या सुमारास बाबूराव व विष्णुपंत दामले यांनी कोल्हापुरात हा कॅमेरा सिद्ध केला. तो चमत्कार नव्हता. फिल्म चौकटीपुरती थांबवायची, झडपेने प्रकाश अडवून पुढे सरकवायची, पुन्हा थांबवायची, असा तो गतींचा अचूक मेळ होता. १९२० चा त्यांचा ‘सैरंध्री’ पौराणिक. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये मात्र कर्जापायी जमीन गमावून शहर गाठणारा शेतकरी पडद्यावर आला. यंत्र कोणाकडे वळवायचे हे माणूस ठरवतो, ते असे.

परंतु कॅमेरा देशी असला, तरी कच्ची फिल्म परदेशीच होती. शिवाय ती सेल्युलोज नायट्रेटची, म्हणजे ज्वालाग्राही आणि काळाच्या ओघात विघटन पावणारी. बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. निर्मितीइतकीच जतनाचीही विद्या लागते, हा धडा कौतुकात हरवतो.

म्हणून कॅमेरा कोणी केला, एवढ्यावर प्रश्न थांबू नये. फिल्म कोठून आली आणि तिचे पुढे काय झाले, हेही मुलांना विचारावे.