उसाच्या फडातलं भूत

मांजरसुंब्याच्या चौकात रात्री दीडलाही चहा मिळतो. एक रस्ता बीडला, एक केज-अंबाजोगाईला, एक पाटोद्याला, तर एक चौसाळ्यावरून सोलापूरकडे जातो. ट्रकच्या दिव्यांमुळं इथं धड अंधारच पडत नाही. अशा गावात राहून मला भुताच्या सिनेमांचा नाद लागला. दोष रामसे बंधूंचा. 'पुराना मंदिर' (1984) आणि 'वीराना' (1988) मी पाहिले ते वर्गणी काढून भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर, अख्ख्या गल्लीसोबत. हिरवा-निळा उजेड, धूर, करकरणारं दार. आमच्याकडं ना ठाकूर ना हवेली, तरी घरी परतताना कुणी एकटं चालत नव्हतं. त्या सिनेमांची अक्कल काढणं सोपं आहे. मी काढणार नाही; ते निदान खोटं बोलत नव्हते. जत्रेतल्या पाळण्यासारखे होते, पोटात गोळा आणायचे आणि उतरवून द्यायचे.

खरा राग येतो तो नंतरच्या चकचकीत मालाचा. कॅमेरा हळूहळू कपाटाकडं सरकतो, सगळं शांत होतं आणि मग कानठळ्या बसवणारा आवाज. हा दचका झाला, भीती नव्हे. दचका फाट्यावर कुठल्याही ट्रकचा हॉर्न फुकट देतो. रामगोपाल वर्मांनी 'भूत'मध्ये (2003) गाणी काढून टाकली, मुंबईतला साधा फ्लॅट घेतला आणि लिफ्टचीसुद्धा धास्ती बसवली. त्यातही आवाज आहेच, पण आधी घर ओळखीचं करून दिलेलं आहे. मागून आलेल्यांनी नेमका आवाज तेवढा उचलला.

मराठीत भूत बराच काळ विनोदाच्या कडेवर बसून आलं. महेश कोठारेंच्या 'झपाटलेला'मधला (1993) तात्या विंचू बेतलेला परदेशी बाहुल्यावर, पण रामदास पाध्यांच्या हातानं आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजानं तो इतका इथला झाला की पोरं त्याला घाबरायची आणि त्याची नक्कलही करायची. पुस्तकांत मात्र नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी केव्हाच पुढं गेले होते. पडद्याला तिथवर पोचायला उशीर लागला.

पोचला तो 'तुंबाड' (2018). राही अनिल बर्वेंच्या या हिंदी सिनेमाची मुळं धारपांच्या एका कथेत आहेत. त्यातल्या हस्तर या शापित देवाजवळ सोनं आहे, अन्न नाही. म्हणून पिठाच्या बाहुलीचं आमिष दाखवायचं आणि तो खाण्यात गुंतला की नाणी ओढायची. इथं भूत माणसाच्या मागं लागत नाही, माणूस भुताच्या मागं लागतो. एवढी एक उलटापालट केली आणि सिनेमा उभा राहिला. 2024मध्ये तो पुन्हा थिएटरांत लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. माझी तक्रार फक्त पावसाची. अखंड कोसळणारा तो पाऊस पाहून आमच्या बालाघाट डोंगरावरच्या माणसाला भीती वाटत नाही, हेवा वाटतो. इतकं पाणी पडणार असेल तर हस्तरला आम्ही रोज पोळ्या करून घालू.

पण ही नुसती थट्टा नाही. मराठी भयाचा पत्ता जणू कोकणातच ठरून गेलाय. 'रात्रीस खेळ चाले' मालिकेचा वाडा तिथला, 'मुंज्या' (2024) तिथलाच. त्याचेच दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी 'झोंबिवली'त (2022) डोंबिवलीचं पाणी आणि बिल्डर आणले, ते मला जास्त धाडसाचं वाटतं. मराठवाड्याच्या वाट्याला काय? आमच्याकडं टळटळीत दुपारी बाराला आडावर जाऊ नको म्हणतात, तिथं साती आसरा असतात. भानामतीनं इथल्या गावांची झोप उडवली होती. कोरडी विहीर, उन्हात तापलेला माळ, लांबपर्यंत सावली नाही. हे कुणी नीट चित्रित करणार की नाही?

जवळात जवळ आला तो विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (2017). गर्भवती नेहा नवऱ्याबरोबर उसानं वेढलेल्या घरात लपायला येते. नेहा झालेली पूजा सावंत घाबरते ती भर उजेडात. उषा नाईकांची तुळसाबाई इतकी मायेनं जेवू घालते की त्या मायेचीच धास्ती वाटायला लागते. हळूहळू कळतं, पोरींना मारणारं भूत नाही, घर आहे. 2011च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागं 807 मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. त्यामुळं हा सिनेमा मी करमणूक म्हणून पाहूच शकलो नाही. शेवटाकडं तो संदेश मोठ्यानं सांगू लागतो, तिथं त्याची पकड सुटते. पुढं त्याचा हिंदी 'छोरी' (2021) झाला. तो अधिक देखणा आहे, आणि म्हणूनच मला कमी भिववतो.

शेजारच्या मावशींना मी 'लपाछपी' मोबाईलवर दाखवला. दसऱ्यानंतर उचल घेऊन त्या नवऱ्यासोबत कारखान्याला ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या वहीत दोघांचा मिळून एक कोयता. फडाच्या कडेला कोपीत बाळंतपणं पाहिलेली बाई. भुतं आली तेव्हा त्यांनी डोळेही मिटले नाहीत. उसाची दृश्यं मात्र पुढं सरकून बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "दादा, जरा थांबव." मी थांबवलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "एवढा ऊस हाय. मग तोडणारं एक माणूस कसं दिसंना?"

मी सिनेमा पुन्हा सुरू केला. त्या भाकरी थापायला उठून गेल्या.