इनामगावचा उत्खनन-वृत्तांत आणि अनुदानाचा प्रश्न

घोडकाठच्या इनामगाव (ता. शिरूर) येथे डेक्कन कॉलेजाने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ढवळीकर, सांकलिया व अन्सारी यांचा त्यावरील वृत्तांत १९८८ साली प्रसिद्ध झाला. शंभरावर घरे, धान्याचे कोठार, पाण्याचा पाट, चार पायांच्या रांजणातील दफन : ताम्रपाषाणयुगीन खेड्याचे इतके सांगोपांग दर्शन क्वचितच घडते. एकेका हंगामापुरत्या तुटपुंज्या अनुदानावर असे काम उभे राहत नाही, हे अनुदान-समित्यांनी ध्यानात घ्यावयास हवे.

परंतु उत्खननाआधीची पाहणी तितकीच निकडीची आहे. याच जिल्ह्यात पवनेकाठच्या रहाटणीत शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पाया खणल्यावर पांढरीचे थर पुन्हा वाचता येत नाहीत. बांधकाम-परवान्यांच्या शुल्कातील काही अंश शासनाने विद्यापीठांकडे अशा पाहणीसाठी नेमून द्यावा.