‘थिंकिंग इन पिक्चर्स’ : आधीं व्यक्ति, मग जाति

‘गाय’ हा शब्द ऐकतांच मनांत काय उभें राहतें, एखादी गाय कीं गोत्व, हा वाद आमच्या नैयायिकांनीं व मीमांसकांनीं शतकानुशतकें घातला. त्याची आठवण करून देणारें हें पुस्तक टेंपल ग्रँडिन या विदुषीनें १९९५ मध्यें प्रसिद्ध केलें. लेखिका अमेरिकेंत पशुविज्ञानाची प्राध्यापिका असून स्वतः स्वमग्न आहे. लिओ कॅनर या वैद्यानें १९४३ मध्यें अकरा मुलांवरून या अवस्थेचें वर्णन केलें खरें. पण तें बाहेरून केलेलें. येथें साक्ष आंतली आहे.

लेखिकेच्या मनांत व्यक्ति आधीं येते, जाति मागाहून. ‘खालीं’ हा शब्द ऐकतांच, शाळेंत विमानहल्ल्याच्या सरावाच्या वेळीं आपण मेजाखालीं शिरत असूं, तें दृश्य तिला दिसतें. लहानपणीं कुत्रें व मांजर यांतील भेद ती आकारमानावरून करी. शेजारीं एक ठेंगणें कुत्रें आलें आणि तो नियम कोसळला. मग सर्व कुत्र्यांचें नाक एकाच घडणीचें असतें, हें तिनें हेरलें. सामान्य कल्पना तिला उशिरां येते, पण पारखून घेतलेली येते.

आमच्या घरांनीं यांतून घ्यावयाचा बोध साधा आहे. पिवळ्या हापूसचें एकच चित्र दाखवून ‘आंबा’ शिकविलेलें असें मूल कैरीस कदाचित् आंबा म्हणणार नाहीं. मारुतिमंदिरापाशीं रस्ता जपून ओलांडण्यास शिकलेलें मूल जयस्तंभापाशींही थांबेलच, हा भरंवसा धरूं नये. त्यास हट्टी किंवा मंद म्हणण्यापूर्वीं आपण किती आंबे व किती रस्ते दाखविले, तें मोजावें.

पुस्तकांत दोष आहे, आणि तो मौजेचा आहे. सर्व स्वमग्नांचें मन आपल्यासारखेंच चित्रमय असतें, असें लेखिकेनें प्रथम गृहीत धरलें. अनेक उदाहरणांवांचून जिला नियम सुचत नाहीं, तिनेंच एका उदाहरणावरून नियम केला! २००६ च्या वाढविलेल्या आवृत्तींत तिनें ही चूक कबूल केली. कोणी गणित-संगीतांतील आकृतिबंधांतून, तर कोणी शब्दांतून विचार करतात, असें लिहिलें. अशी कबुली पंडितांत दुर्मिळ होय.

आम्हीं वर्गांत जन्मभर आधीं व्याख्या व मग उदाहरण याच क्रमानें शिकविलें. जो व्याख्येपाशीं अडला, त्यास आम्हीं मागें टाकलें. हें पुस्तक मिटतांना शेवटच्या बाकावरील दोन-चार चेहरे आठवले. त्यांची परीक्षा आम्हीं घेतली कीं आमची त्यांनीं, हें आतां सांगवत नाहीं.