जप्ती, दंड आणि सोडवणूक

प्रवरेच्या पात्रातून विनापरवाना वाळू नेणारा ट्रॅक्टर पकडला गेला, की बेलापूरच्या बोलीत तो ‘जप्त झाला’ असे म्हणतात. पुढे मालक रक्कम भरतो आणि तो ‘सोडवून आणतो’. ही दोन क्रियापदे बोलणाऱ्यास परस्परविरोधी वाटत नाहीत, हीच विचार करण्याजोगी गोष्ट होय. जे सरकारचे झाले ते मालकाने सोडवावे कसे? सोडवावयाचे असते ते गहाण.

संभ्रमाचे मूळ ‘जप्ती’ या शब्दाच्या अतिव्याप्तीत आहे. वस्तू ताब्यात घेणे, हुकमाने ती अडकवून ठेवणे आणि तिच्यावरील मालकी संपवून ती सरकारजमा करणे या तीन क्रिया भिन्न आहेत. लोकभाषेत त्यांना नाव एकच. विधिभाषेने पहिलीस ‘अभिग्रहण’ म्हटले, शिक्षा म्हणून मालमत्ता जाण्यास ‘समपहरण’ ही संज्ञा दिली. संज्ञा काटेकोर खऱ्या, पण ज्याचा ट्रॅक्टर तहसील कचेरीच्या आवारात उभा आहे त्याच्या कानी त्या कधी पडत नाहीत.

लोकभाषेस मात्र सर्वस्वी दोष देता येत नाही, कारण तिच्या पाठीशी जुना व्यवहार आहे. मराठेशाहीत वतन जप्त करून अमानत ठेवीत आणि नजर भरल्यावर ते पुन्हा दुमाला करीत. अशी जप्ती हा मालकीचा शेवट नव्हता. ते वसुलीचे साधन होते. निवाड्यात जिंकणारा ‘हरकी’ देई, हरणारा ‘गुन्हेगारी’. ‘गुन्हेगारी’ हे तेव्हा रकमेचे नाव होते. आज ते अपराधप्रवृत्तीचे झाले आहे. शब्दाने पैशाकडून दोषाकडे प्रवास केला. ‘दंड’ या शब्दाचा प्रवास नेमका उलट, काठीकडून पैशाकडे.

1860च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 53मध्ये समपहरण आणि द्रव्यदंड या दोन वेगळ्या शिक्षा होत्या. समपहरणाची सर्वसाधारण तरतूद करणारी कलमे 61 व 62 ही 1921मध्ये रद्द झाली, तरी शिक्षांच्या यादीतील नाव राहिले. 1 जुलै 2024पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 4मध्येही ते आहे. एकाऐवजी दुसरे स्वीकारण्याची सोय या यादीत नाही. ती येते विशेष कायद्यांतून. 1962च्या सीमाशुल्क अधिनियमाचे कलम 125 सरकारजमा मालाऐवजी दंड भरण्याचा पर्याय देते. त्या दंडाची कमाल मर्यादा मालाच्या बाजारभावाशी बांधलेली आहे, आणि व्यक्तीवरील शास्ति निराळी. म्हणजे हा ‘दंड’ माणसाच्या दोषावरून नव्हे, वस्तूच्या किमतीवरून मोजला जातो. त्यास दंड म्हणणे हा भाषेचा शिथिलपणाच होय. ‘सोडवणूक’ हा बोलीतील शब्द अधिक खरा आहे.

वाळूच्या बाबतीत महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 48 लागू होते. पकडलेले वाहन विहित शास्ति भरून आणि जातमुचलका लिहून दिल्यावर सोडता येते. वाहन पुन्हा अशा कामी वापरणार नाही, ही हमी त्या जातमुचलक्यात असते. कायद्याच्या दृष्टीने भविष्याला बांधणारा भाग हाच; तरी गावच्या बोलण्यात तो येत नाही. तेथे ‘दंड भरला’ हे वाक्य ‘कर्ज फिटले’ या धर्तीवर, सारे संपले अशा अर्थाने उच्चारले जाते. वास्तविक ते संपलेले नसते. नदीतील वाळू नेणे ही चोरीही ठरू शकते व त्यासाठी वेगळा खटला चालू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014मध्ये दिल्ली राज्य विरुद्ध संजय या प्रकरणी स्पष्ट केले आहे.

या भाषिक गैरसमजाची झळ सर्वांस सारखी लागत नाही. अनेक वाहने बाळगणाऱ्यास भरलेली रक्कम धंद्याच्या खर्चात धरता येते. कर्जावर एकच ट्रॅक्टर घेतलेल्यास ‘पर्याय’ हा शब्दच पोकळ, कारण दुसरी बाजू निवडण्याइतके त्याच्या हाती काही नसते. ‘ऐवजी’ या अव्ययाला दोन पदे समान उपलब्ध असावी लागतात. आदेशाच्या मराठी मसुद्यात आज रकमेचा आकडा ठळक आणि जातमुचलक्याची अट शेवटच्या ओळीत असेल, तर वाचणारा काय लक्षात ठेवील हे सांगावयास भाषाशास्त्र लागत नाही. तो क्रम तरी उलटा करावा.