‘ओरिजिनलची वाट लावली’ म्हणजे नेमकं काय केलं?

पेट झाली, नेटचा अभ्यास चालू आहे आणि आता ‘विषय काय घ्यायचा’ या मुक्कामाला येऊन थांबला आहात, अशांसाठी ही पोस्ट. त्यातही ज्यांना अ‍ॅनिमेवर काम करायचंय पण गाइडसमोर बोलायची लाज वाटते, त्यांनी जरूर वाचा.

माझ्याकडे वाचायला येणाऱ्या आराखड्यांमध्ये एक गंमत नेहमी दिसते. ठाण्याचा, कल्याणचा कोणी मुलगा चहा पिताना नेटफ्लिक्सच्या ‘काउबॉय बीबॉप’वर अर्धा तास तावातावाने बोलतो. कोणता सीन का फसला, कोणतं पात्र उगाच ताणलं, सगळं तोंडपाठ. मग तोच मुलगा आराखडा पाठवतो आणि शीर्षक असतं, ‘जागतिकीकरणाच्या संदर्भात जपानी लोकप्रिय संस्कृतीचा भारतीय युवकांवरील प्रभाव : एक अभ्यास’. अरे, तो अर्धा तास कुठे गेला? त्याला वाटतं की फॅनचं मत म्हणजे कचरा, तो झाडून टाकला की उरतं ते संशोधन. माझं म्हणणं उलट आहे. तुमच्याकडे शेकडो तासांचं पाहणं आहे, ते फेकू नका. फक्त ‘ओरिजिनलची वाट लावली’ या वाक्यावर थांबू नका, ते वाक्य उघडा.

उघडायचं म्हणजे दोन गोष्टी विचारायच्या. ओरिजिनल म्हणजे कुठलं? आणि त्यातली जी गोष्ट गेली म्हणून तुम्ही चिडलात, ती तिथे काय काम करत होती?

पहिल्या प्रश्नावर बहुतेक जण हसतात. ओरिजिनल म्हणजे जपानी, सोपं आहे! पण तुम्ही डोरेमॉन कोणत्या भाषेत पाहिलात? हिंदीत. शिनचॅन? तोही हिंदीत, आणि तोसुद्धा सगळा नाही: २००८ साली सरकारने त्या मालिकेवर बंदी आणली आणि नंतर ती परत आली तेव्हा कात्री लावलेली होती. म्हणजे डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये शाळेतून आल्यावर जेवताना जे पाहिलं गेलं, ते आधीच एक रूपांतर होतं. आवाज इथल्या कलाकारांचे, विनोदही इथले. आज मोठं झाल्यावर ‘डबिंग बघणारे खरे फॅनच नाहीत’ म्हणणाऱ्यांची पहिली ओळखही अशीच झालेली असते.

‘डेथ नोट’ घ्या. लाइट कॅमेऱ्यांच्या नजरेखाली बसून बटाट्याचे वेफर खातो आणि त्याआडून नावं लिहितो, हा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. पण तो गाजला तो अ‍ॅनिमेमुळे. मांगात (२००३ ते २००६) ती एक हुशार युक्ती आहे; २००६-०७च्या ३७ भागांच्या अ‍ॅनिमेने त्या वेफरला अक्षरशः युद्धाचं संगीत दिलं. तेव्हा २०१७चा नेटफ्लिक्सचा सिनेमा गोष्ट सिअ‍ॅटलला नेतो आणि आपण ‘ओरिजिनल बुडवलं’ म्हणतो, तेव्हा आपण बहुधा मांगाची बाजू घेत नसतो. एका रूपांतराची बाजू घेऊन दुसऱ्या रूपांतराला झोडपत असतो. यात गैर काही नाही, फक्त आराखड्यात ते तसं लिहा. लिंडा हचन यांचं रूपांतरावरचं २००६चं पुस्तक या ठिकाणी उपयोगी पडेल: रूपांतराला दुय्यम प्रत न मानता बघायचं कसं, हे त्यात नीट मांडलंय.

आता दुसरा प्रश्न. इथे मी माझं मत सरळ सांगते: लाइव्ह-अ‍ॅक्शन फसतं ते बहुतेक वेळा मूळ सोडल्यामुळे नाही, मुळाची चुकीची गोष्ट धरून ठेवल्यामुळे.

१९६३ साली ओसामु तेझुका यांनी ‘तेत्सुवान अ‍ॅटम’ दर आठवड्याला टीव्हीवर आणायला घेतलं, तेव्हा पैसा कमी आणि वेळ त्याहून कमी. म्हणून चित्रं कमी काढायची, चेहरा स्थिर ठेवून नुसते ओठ हलवायचे, मागचं दृश्य सरकवायचं. या काटकसरीतून एक व्याकरण तयार झालं. अ‍ॅनिमेत वेळ थांबवता येतो. तलवार हवेत असते आणि माणूस बालपण आठवून परत येतो. चित्राला हे शोभतं, कारण चित्र मुळातच थांबलेलं असतं. (टॉमस लमार यांचं ‘द अ‍ॅनिमे मशीन’ याच हालचालीच्या यंत्रणेवर आहे. वाचायला जड आहे, पण पहिली प्रकरणं नेटाने वाचा.) हाडामांसाचा नट तसा थांबला तर तो पाठ विसरल्यासारखा दिसतो. म्हणून थांबलेला वेळ जे काम करत होता, ते दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यावं लागतं. २०१२च्या ‘रुरोनी केन्शिन’ने ते वेगाकडून करून घेतलं. केंजी तानिगाकी यांनी बसवलेल्या मारामाऱ्यांत ताकेरू सातो इतका सुसाट पळतो की थांबून स्वगत बोलायची जागाच उरत नाही, आणि माणूस कोण आहे ते त्याच्या पळण्यातून कळतं.

‘काउबॉय बीबॉप’ने नेमकं उलट केलं. १९ नोव्हेंबर २०२१ला मालिका आली आणि तीन आठवडे पुरे व्हायच्या आत, ९ डिसेंबरला, बंद झाल्याची बातमी आली. दिसण्यात ती काटेकोर होती. निळा सूट तोच, योको कान्नो यांचं संगीत तेच, सुरुवातीची शीर्षकंसुद्धा जवळपास चौकटीला चौकट. पण १९९८च्या मालिकेत व्हिशस २६पैकी मोजक्याच भागांत येतो आणि ज्युलिया त्याहून कमी. ती माणसं न दिसण्यातच त्यांचं वजन होतं. स्पाइकचा भूतकाळ आपल्याला सांगत नाहीत म्हणून तो आपल्याला टोचतो. पहिल्याच भागात जेट ढोबळी मिरची आणि बीफ शिजवतो, आणि त्यात बीफच नसतं. सगळी मालिका या ‘नसण्या’वर उभी आहे. नव्या मालिकेने भागांची लांबी वाढवली आणि सगळ्या रिकाम्या जागा संवादांनी भरून टाकल्या. सूट सांभाळला, बीफ मात्र ताटात वाढलं.

‘वन पीस’ (ऑगस्ट २०२३) का तरली, याचंही उत्तर इथेच आहे. लुफीचे रबरी हात मला अजूनही खटकतात, ते बाजूला ठेवू. पण आठ भागांत गोष्ट बसवताना त्यांनी गार्पला फार लवकर आणून लुफीच्या मागे लावलं, डॉन क्रीगला जवळजवळ उडवून टाकलं. हे बदल ऐकून चाहत्यांनी कपाळाला हात लावायला हवा होता. लावला नाही, कारण १९९९पासून चाललेल्या मालिकेला पाठलाग करणाऱ्याची गरज नव्हती, आठ भागांना होती. आणि नामी मदत मागते, लुफी आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो, ते तसंच ठेवलं. तिथे वेळ थांबतो तो टोपीच्या जोरावर, चित्राच्या नाही.

एवढं सगळं परदेशचं झालं. तुमच्या आराखड्याला घरचं उदाहरण हवं असेल तर एक पडून आहे आणि त्यावर आपल्याकडे कोणी फारसं बोलत नाही: ‘सूरज द रायझिंग स्टार’. हे लाइव्ह-अ‍ॅक्शन नाही, अ‍ॅनिमेचंच अ‍ॅनिमे आहे, पण रूपांतराचे सगळे पेच त्यात आहेत. मूळ ‘क्योजिन नो होशी’, १९६६ ते १९७१ चाललेला बेसबॉलचा मांगा आणि १९६८पासूनचं अ‍ॅनिमे. गरीब घरातला ह्युमा, त्याला लहानपणापासून निर्दयपणे घडवणारा बाप, समोर मोटार कारखानदाराचा मुलगा. जपान वर येत होता त्या काळाची ही गोष्ट. २०१२ साली जपानी निर्मात्यांनी ठरवलं की आजचा भारत म्हणजे तेव्हाचा जपान. बेसबॉलचं क्रिकेट केलं, गोष्ट मुंबईच्या झोपडपट्टीत आणली, आणि २३ डिसेंबर २०१२पासून ती कलर्सवर रविवारी सकाळी हिंदीत दिसू लागली. एकूण २६ भाग.

मुळातली सगळ्यात प्रसिद्ध वस्तू म्हणजे बापाने मुलाच्या अंगावर चढवलेलं स्प्रिंगांचं जोखड. हात हलवायचा तर स्प्रिंग ताणायची, जेवतानासुद्धा. भारतीय मालिकेत स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूब आल्या. मला हा बदल आवडतो. लोखंडी स्प्रिंगा पाहून आपल्याकडे छळच वाटला असता. ट्यूब कुठल्याही नाक्यावर पंक्चरवाल्याकडे लटकलेली असते. वस्तू बदलली, काम टिकलं: गरिबी पोराच्या अंगावर बांधलेली दिसली पाहिजे.

पण जरा खोलात जा. बेसबॉलचा पिचर कोपर वाकवून फेकतो. क्रिकेटचा गोलंदाज तसं करू शकत नाही. आयसीसीच्या नियमात कोपर सरळ होण्याला १५ अंशांची मर्यादा आहे. म्हणजे फेकणाऱ्या हाताला ताणणारं जोखड ज्या खेळासाठी सुचलं, तो खेळच वेगळा. दुसरं, पिचर आणि बॅटर यांचं द्वंद्व हा मूळ गोष्टीचा कणा. पिचर डावामागून डाव तिथेच उभा असतो. आपल्याकडे सहा चेंडू झाले की ‘ओव्हर!’ आणि चेंडू दुसऱ्याच्या हातात. तिसरं सगळ्यात मजेशीर: ह्युमाची पहिली जादूई फेक म्हणजे चेंडू मुद्दाम समोरच्याच्या बॅटवर मारायचा, म्हणजे तो सोपा झेल देऊन बाद होईल. बेसबॉलमध्ये ही जादू. क्रिकेटमध्ये कड घ्यायला लावून स्लिपमध्ये झेल हा नव्या चेंडूचा रोजचा धंदा आहे! तेव्हा ‘बेसबॉलच्या जागी क्रिकेट’ हे एका ओळीचं काम नव्हतं. खेळ बदलला की नाट्य कुठे साठतं ती जागाच बदलते.

मग मुंबईच्या क्रिकेटमध्ये ते कुठे साठतं? डोंबिवलीकरांना हे मी सांगायला नको. अजिंक्य रहाणे सातेक वर्षांचा असताना डोंबिवलीतल्या एका छोट्या शिबिरात मॅटिंगच्या विकेटवर शिकला, कारण मोठं कोचिंग परवडणारं नव्हतं, आणि पुढे खेळासाठी लोकलने मुंबई गाठत राहिला. ‘सूरज’चे भाग टीव्हीवर चालू होते त्याच सुमारास, मार्च २०१३मध्ये, तो दिल्लीत पहिली कसोटी खेळला. आपल्या भागातलं जोखड दंडाला बांधलेलं नसतं, खांद्याला असतं. सकाळच्या गर्दीत किटबॅग घेऊन डब्यात शिरून दाखवा, मग स्प्रिंगांचं बोला. उशिरा आलेली गाडी, बॅगेवरून होणारी भांडणं, नेट्सना पोचेपर्यंतच निम्मं संपलेलं अंग: ह्युमाच्या जोखडाचं काम इथे हे सगळं करतं. म्हणून माझी तक्रार ‘सूरज’ने मूळ सोडलं अशी नाही. झोपडपट्टीचं चित्र घेतलं, बापलेकाचं चित्र घेतलं, पण रूपांतराचा कणा व्हायला हवं होतं ते अंतर मला कणा म्हणून कुठेच जाणवलं नाही. ‘क्योजिन’मध्ये बाप मुलाला घडवतो. इथे बापाइतकाच प्रवास घडवतो.

हे मत आहे आणि ते कोणी खोडून काढू शकतं, म्हणून ते संशोधनाच्या जवळ आहे. ‘युवकांवरील प्रभाव’ कोणी खोडूही शकत नाही, कारण त्यात काही म्हटलेलंच नाही.

आता कामाचं. एकच मालिका आणि तिचं एकच रूपांतर घ्या, दहा घेऊ नका. मुळातल्या पाच-सहा गोष्टी निवडा (वस्तू, प्रसंग, शांतता, काहीही) आणि प्रत्येकीपुढे ती काय काम करते ते लिहा. रूपांतरात ते काम कोणी उचललं, की कोणीच नाही, हे मग पाहायचं. प्रेक्षकांशी बोलणार असाल तर लेखी संमती घ्या आणि नावं बदला. बरेच जण अनधिकृत साइटवर पाहिल्याचं सांगतील, त्यांना अडचणीत आणू नका. डबिंग की सबटायटल यावर वाद घालत बसू नका, फक्त नोंदवा. आणि पहिला प्रश्न ‘आवडलं का’ असा ठेवू नका. पहिल्यांदा कुठे पाहिलं, कोणत्या भाषेत, कोणाच्या फोनवर, इथून सुरू करा. माझ्या अनुभवात फोन बहुतेक वेळा मोठ्या भावाचा किंवा ताईचा निघतो, आणि खरं बोलणं तिथून सुरू होतं.