‘रुचिरा’तली वाटी, भिशीतला पाक

रव्याच्या लाडवांची कृती वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही. रवा तुपावर भाजायचा, साखरेचा पाक करायचा, दोन्ही एकत्र करून मुरू द्यायचं आणि लाडू वळायचे. सगळं सरळ चाललेलं असतं आणि एका जागी करणारीचा हात अडतो. पाक एकतारी झाला हे कधी समजायचं? साखर किती, पाणी किती हे कागदावर लिहिता येतं. पाक नेमका कोणत्या क्षणी उतरवायचा, हे मात्र आच, पातेल्याचं बूड आणि साखर यांवर ठरतं. तिथे वाटी बाजूला राहते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली तार बघावी लागते. गोडाच्या कृतीचं लेखन चांगलं की वाईट, हे मी या जागेवरून ठरवते. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ मला थोर वाटतं ते याच जागेमुळे: जिथे माप पुरतं तिथे ते चोख माप देतं, आणि जिथे पुरत नाही तिथे वाचणारीच्या बोटांवर विश्वास टाकून गप्प बसतं.

कमलाबाईंचा जन्म १९१३चा, कुंडलचा. लग्नानंतर सांगलीत सासूबाईंच्या हाताखाली त्या स्वयंपाक शिकल्या. ‘रुचिरा’ आलं १९७० साली. पुढे लाखभर सुनांची सासू असं त्यांचं कौतुक झालं ते या पुस्तकाच्या खपामुळे. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांनी निवडलेली वाटी.

या निवडीचा काळ बघा. मापांचा मेट्रिक कायदा १९५६चा. साठीच्या दशकात शेर, पावशेर, छटाक जाऊन किलो आणि ग्रॅम बाजारात रुळत होते. घरात जुनी मापं, दुकानात नवी. अशा वेळी कमलाबाईंनी वाटी आणि चमचा हातात घेतले. वाटी म्हणजे ठरावीक वजन नव्हे, प्रमाण. कोणती वाटी घ्यायची ते तुमचं घर ठरवेल; एकदा घेतली की शेवटपर्यंत तीच. चौघांचं घर असो की पंचवीस पानांची पंगत, रवा आणि साखर यांचं नातं बदलत नाही. भाजी-आमटीत प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तर निभावतं. गोडात निभावत नाही, आणि म्हणून वाटीची खरी करामत गोडाच्या पानांवर दिसते. परदेशी गेलेल्या मराठी मुली हीच कृती तिथल्या कपाने करतात आणि ती जमते, कारण कपही शेवटी एक वाटीच.

आमच्या भिशीत आम्ही हे पुस्तक समोर ठेवून गोडाचे पदार्थ करतो. नियम एक: कृती आधी मोठ्याने वाचायची, मगच गॅस पेटवायचा. मोठ्याने वाचल्यावर या गद्याची चाल कानाला कळते. भाजावा, ढवळावा, उतरवावा. लिहिणारी मध्ये येत नाही, आठवणी सांगत नाही, पदार्थाची स्तुती करत नाही. वाक्य हाताच्या वेगाने चालतं. एक क्रिया संपेपर्यंत दुसरी सुरू होत नाही. हा संयम मला फार आवडतो.

कारणं मात्र ती फारशी सांगत नाही, आणि हे उणं आहेच. ते भरून निघतं ओट्यापाशी.

“काकू, तार येतेय पण लगेच तुटतेय.”

“अगं, मग अजून थोडा उकळू दे. मोठी आच नको.”

पाक उकळतो तसं त्यातलं पाणी उडतं, साखर दाटते आणि उकळण्याचं तापमान चढत जातं. एकतारी, दोनतारी, गोळीबंद या त्या चढणीवरच्या ओळखीच्या खुणा; गोळीबंद पाक साधारण ११२ ते ११६ अंश सेल्सिअसला येतो. गुलाबजामच्या पाकात लिंबाचे थेंब टाकतात, कारण आम्लाने साखरेची काही प्रमाणात फोड होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनतात आणि पाकात पुन्हा खडे धरत नाहीत. लाडवात उलट हवं असतं. तिथे साखरेने थोडी पकड घ्यायला हवी, नाहीतर लाडू बसतो. पाक पुढे गेला तर तोच लाडू दगड होतो. मुरायला ठेवायचं तेही उगाच नाही. भाजलेला रवा पाक शोषून फुगतो, आणि मगच मिश्रण वळण्याजोगं होतं. हे कळल्यावर तीच त्रोटक कृती पुन्हा वाचा. एकही पायरी फालतू नव्हती, हे तेव्हा ध्यानात येतं.

श्रीखंड, बासुंदी यांच्याबद्दल एवढं लिहायला नको. चक्का चांगला आणि दूध सकस असलं की निम्मं काम झालं. अनारशांची गोष्ट वेगळी. कोणत्याही घरची रीत घ्या, तांदूळ तीन दिवस भिजत घालायचा आणि रोज पाणी बदलायचं, इथूनच ती सुरू होते. त्या तीन दिवसांत तांदूळ मऊ पडतो, किंचित आंबतो. मग निथळून, सावलीत सुकवून कुटायचा, चाळायचा, गूळ घालून पीठ मुरवायचं. खसखशीवर थापलेला अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळायचा आणि उलटायचा नाही; वरून झाऱ्याने तूप उडवायचं. गूळ जास्त झाला तर अनारसा हसतो, तुपात विरघळून पसरतो. एका दुपारच्या भिशीत हे मावत नाही, म्हणून तांदूळ कोणीतरी आपल्या घरी आधीच भिजवते आणि तयार पीठ डब्यातून आणते. या कृतीतले सगळ्यात मोलाचे शब्द ‘तीन दिवस’ हेच आहेत. ते गाळून झटपट अनारसे सांगणाऱ्या कृतींची जाळी मला कधी पटलेली नाही.

मराठी गद्याचे वेचे निवडताना कथा, प्रवासवर्णन, आत्मचरित्र सगळं घेतलं जातं. पाककृती वगळली जाते. ‘रुचिरा’तली गोडाची दोन पानं तिथे यायला हवीत, आणि शिकवणाऱ्याने ती आधी करून पाहिलेली असावीत.